जंतूचा अपमान

आमच्या शेजारचे नाना मोघे केळं धुऊन खात. त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण नाना केळं सोलून मग धूत. सोललेलं केळं ते परमँगनेटच्या, म्हणजे लाल औषधाच्या पाण्यात बुडवत, वर काढत, उजेडात धरून बघत आणि मग डोळे मिटून खात. डोळे का मिटत, ते केळं बघितल्यावर कळे. पावसात भिजलेल्या चपलेच्या रंगाचं झालेलं असे ते. आमची आत्याबाई, म्हणजे माझी सासू, एकदा त्यांना म्हणाली, "नाना, त्यापरीस जंतूच खावा की. त्ये तरी चवीला असत्याल."

नाना सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. पेन्शन घेतल्यावर हवेसाठी म्हणून लोणावळ्याला आले. बायको त्याआधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. चाळीतली शेवटची खोली त्यांची आणि तिच्या अलीकडची आमची. मधे एक भिंत आणि मागच्या अंगणात दोघांत मिळून एक मोरी. त्यांचं सामान म्हणजे एक ट्रंक आणि बाकी सगळ्या बाटल्या. लाल औषधाने त्यांच्या बोटांची टोकं कायमची तपकिरी झाली होती. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा विड्या फार ओढतो. नानांना तर विडीचं नावही सोसत नसे. "लोक दुसऱ्याच्या हातून विडी घेतात आणि तोंडात घालतात," हे ते अशा आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी सापच तोंडात घातला.

ते कुणाकडे जेवत नसत, कुणाकडचा चहाही घेत नसत. लोकांना आधी वाटलं, नाना सोवळं पाळतात. आत्याबाईने तसं तोंडावर विचारलं, तर ते उसळलेच. "सोवळ्यातले जंतू काय उपास करतात?" चाळीत सत्यनारायण झाला तेव्हा गुरुजींना त्यांनी विचारलं, पंचामृतातलं दूध उकळलं होतं का? गुरुजींनी कानाडोळा केला. मग नाना बाकीच्यांना समजावून सांगू लागले, "पंचामृत म्हणजे जंतूंचं लग्नकार्य. दूध, दही, तूप, मध, साखर. वऱ्हाडाला आणखी काय पाहिजे?" त्या दिवशी निम्म्या चाळीने तीर्थ डोळ्यांना लावलं आणि साडीला पुसलं.

त्यांचं एक पालुपद होतं. "जंतूचा अपमान करू नका, जीव घ्या." आम्हाला त्याचा अर्थ कळेना. जंतूला मान तरी कधी होता, असं आत्याबाईने विचारलं. मग एका दुपारी ओट्यावर बसून नानांनी तिचा वर्ग घेतला.

"पारूबाई, मांजर दुधात तोंड घालतंय. तुम्ही नुसतं शुक केलंत. काय होईल?"

"पळंल."

"आणि उद्या?"

"उद्या येईल."

"परवा?"

"परवा शुक केलं तरी हलायचं न्हाई. निबर झालेलं असंल."

"निबर!" नानांनी मांडीवर थाप मारली. "अगदी बरोबर शब्द. जंतूचं तेच असतं. थोडं औषध घातलंत तर तो मरत नाही, त्याला नुसता अपमान झोंबतो. मग तो सावध होतो. कातडी जाड करतो. पोराबाळांनाही शिकवून ठेवतो. पुढे तुम्ही दुप्पट औषध घाला, तो त्यात पोहतो."

"मंग करायचं काय?"

"पहिल्याच दिवशी जीव घ्यायचा."

"मांजराचा? सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतंय, नाना. सोनं तुमी द्येताय का?"

नाना चिडून उठून गेले. पण निबर हा शब्द त्यांनी सोबत नेला. पुढे भेंडी, काकडी, मांजर, जंतू आणि चाळीचा मालक, सगळ्यांना ते तोच लावत.

चाळीच्या मागच्या विहिरीचा प्रकार तर अजून कुणी विसरलेलं नाही. एका चैत्रात पाणी तळाला गेलं, गढूळ झालं. नानांनी कुणाला न सांगता पहाटे विहिरीत लाल औषध टाकलं आणि ते समाधानाने जाऊन झोपले. सकाळी आत्याबाईने पहिली बादली ओढली. पाणी गुलाबी. तिने बादली तशीच खाली ठेवली आणि हाक मारली, "आगं बया! या गं समद्या! हिरीला न्हाण आलं!"

घटकाभरात चाळीतल्या बायका जमल्या. हळदकुंकू आलं, खण आला, नारळ आला. विहिरीच्या कठड्याला हिरव्या बांगड्या अडकवल्या. नाना गंजिफ्रॉकवर धावत बाहेर आले. "अहो, औषध आहे ते! औषध!" कोण ऐकतंय. आत्याबाईने उलट त्यांच्याच कपाळाला कुंकू लावलं. "बरं झालं आलात. न्हाणाला मामा लागतो. लुगडं तुमच्याकडून." तोवर कुणीतरी ओटीचा नारळ, तांदूळ, हळदकुंकू सगळं विहिरीत सोडलं. नाना कठड्यावर डोकं धरून बसले. "नारळ धुतला होता का हो?" एवढंच ते सगळ्यांना विचारत होते. जेवढे जंतू पहाटे मेले, तेवढे ओटीतून परत गेले, असं त्यांचं मत पडलं.

पुढे आमच्या यांचा पाय जायबंदी झाला. हे रेल्वेच्या गँगमध्ये होते. रूळ बदलताना खालचा जड लाकडी स्लीपर पायावर पडला. पाय वाचला, पण यांना खाटेवरून उठता येईना. आत्याबाईने आणि मी खानावळ काढली. घरदार गावाला ठेवून लोणावळ्यात कामाला आलेले पुष्कळ होते. रेल्वेचे हमाल, रस्त्याच्या कामावरचे, दोन-चार कारकून. खानावळ चालली तर आम्ही लोणावळ्यात. नाही चालली तर औंढ्याला दिराच्या दारात. आणि माझी जाऊ कशी आहे ते मी इथे लिहीत नाही.

नानांना खानावळ म्हटल्यावर घामच फुटला. "एका ताटात आज कर्जतचा जंतू, उद्या त्याच ताटात जुन्नरचा. सोयरिकी जमतील त्यांच्यात, सोयरिकी!" भिंतीला भिंत लागून असलं काही त्यांना चालणार नव्हतं. मग त्यांनीच तोडगा काढला. रोज सकाळी ते एका डब्यातून ब्लीचिंग पावडर काढत, पाण्यात कालवत, गाळ खाली बसू देत आणि वरचं नितळ पाणी बादलीत ओतत. त्याला ते निवळी म्हणत. पावडरीच्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "बायकांचा हात मिठाच्या मापाचा असतो," ते म्हणत. "चवीपुरतं औषध टाकाल आणि जंतूचा अपमान कराल."

ताटं-वाट्या राखेने घासायच्या, विसळायच्या आणि मग एकेक करून निवळीत बुडवून धरायच्या. नाना ओट्यावर बसून बघत. ते 'हं' म्हणाले, की ताट वर काढायचं. पुष्कळदा ते विचारात गढून जात आणि 'हं' म्हणायचं विसरत. मी तशीच पाण्यात हात घालून बसायची.

निवळीला वासही असा, की डोळ्यांत पाणी येई. पांडू नावाचा वडिवळ्याचा एक हमाल आमच्याकडे जेवायचा. त्याला भाताचा डोंगर लागे आणि जेवताना बोलायला माणूस लागे. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "वैनी, आमटीला फिनेलची फोडणी दिली का?"

"फिनेल नव्हे, क्लोरीन," नाना ओट्यावरून म्हणाले.

"असंल. पण तिखाट कमी पडलंय त्यात."

मी यातल्या कुणाशी कधी मान वर करून बोलले नाही. माझा स्वभावच तसा. दाराआडून हात पुढे करायचा, ताट द्यायचं, रिकामं ताट घ्यायचं. नानांच्या हातून बादली घ्यायची तीही तशीच. चाळीतल्या पुरुषांना मी म्हणजे एक पदर आणि दोन हात, एवढीच ठाऊक होते.

त्या हातांची निवळीने दशा झाली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मिरची वाटायची म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. पण बोलायचं कुणाजवळ? हे आधीच खाटेवर. आत्याबाईचे स्वतःचे हात जन्मभर शेणामातीत गेलेले, तिला ही थेरं वाटली असती. आणि औषध तर आपल्याच भल्याचं. एका सकाळी बादली घेताना कडीला माझ्या बोटांचं रक्त लागलं. नानांनी ते बघितलं. "हं," म्हणाले आणि फडक्याने कडी पुसून काढली. मला वाटलं, रक्तात जंतू असतील म्हणून पुसली.

त्यानंतर बादलीचा वास उतरत गेला. मला वाटलं, आपलं नाक निबर झालं. पांडू खूश झाला. "वैनी, आता आमटी आमटीवानी लागती," म्हणाला. माझ्या बोटांच्या चिराही हळूहळू मिटल्या. नाना मात्र रोज त्याच थाटात बसून 'हं' म्हणत. उलट 'हं' लवकर येऊ लागला.

श्रावण आला. लोणावळ्याच्या पावसात मिठाला पाणी सुटतं, काडी पेटत नाही, चामड्याच्या पट्ट्याला पांढऱ्या मिशा फुटतात. अशा दिवसांत पांडूने एकदा भात नको म्हटलं. पांडू भात नको म्हणाला, म्हणजे काहीतरी भयंकर घडलं हे आम्ही ओळखलं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. मग रस्त्याच्या कामावरच्या दोघांची पोटं बिघडली, मग एका कारकुनाचं. माणसं कुजबुजू लागली. काहीजण स्टेशनजवळच्या हॉटेलात जेवायला लागले. पंगत अर्ध्यावर आली. हे खाटेवरून नुसते वाशांकडे बघत. आत्याबाईने औंढ्याला दिराकडे निरोप धाडला, मागची खोली मोकळी करून ठेव.

नाना फौजदारासारखे तपासाला उभे राहिले. पांडू जरा हिंडूफिरू लागला तेव्हा त्याला ओट्यावर बसवून भर चाळीत त्यांनी त्याची उलटतपासणी घेतली.

"पहिल्यांदा पोट दुखलं ते किती वाजता?"

"नाना, तवा घड्याळ बघाया सवड व्हती व्हय?"

"रंग कसा होता?"

"कशाचा?"

"पांडू, कशाचा ते तुला कळलंय."

बायका तोंडाला पदर लावून घरात पळाल्या. पांडूने मात्र मोकळ्या मनाने सगळं सांगितलं, विचारलं त्याहून जास्तच. मग नानांनी आमचं घर उपसलं. लोणच्याची बरणी हुंगली, पाण्याचा माठ उपडा केला, दूधवाल्याला दारातच हात दाखवायला लावले. शेवटी त्यांचं बोट आत्याबाईच्या ताकाच्या डेऱ्यावर जाऊन थांबलं. "हे!"

"माझ्या ताकाचं नाव काढू नका, नाना. माझं ताक पिऊन मढं उठून बसंल."

"बसेल. आणि तिथून मोरीकडे पळेल."

त्यावर जे भांडण झालं ते सगळं मला लिहिता यायचं नाही. काही शब्द मला पहिल्यांदाच कळले. भांडता भांडता नानांनी मोरीशेजारी पालथी घातलेली एक वाटी उचलली आणि आतून बोट फिरवलं. वाटी बुळबुळीत होती. धुतलेली, निवळीत बुडवलेली वाटी. त्यांनी बादलीशी वाकून वास घेतला. आत्याबाई बोलतच होती. नाना आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी ते ओट्यावर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पंगतीला थोडीच माणसं होती. पांडू दहीभातावर आला होता. त्याच्या पलीकडे एक नवा कारकून बसला होता. ताट पुढे आलं तसं त्याने ते हाताने थोपवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाढणाऱ्या बाई हात धुतात की नाही? लोक म्हणतात, दोष त्या हातांचाच आहे."

मी दाराआड होते. हात पदराखाली ओढून घेतले. आत्याबाई अशा बोलण्यावर एरवी पळी घेऊन उठली असती. पण ती वळून माझ्या पदराकडे बघू लागली. आता औंढं काही चुकत नाही, असं मनात आलं.

नाना आमच्या खानावळीत कधी पाऊल टाकत नसत. त्या दिवशी ते चपला काढून आत आले आणि उष्ट्या-खरकट्यातून चालत थेट पंगतीच्या मधोमध उभे राहिले.

"ते हात स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "औषध अर्धं होतं."

"अर्धं कुणी केलं?" कारकुनाने विचारलं.

"मी."

पांडूचा घास हातातच राहिला. "म्हंजी नाना, तुमी जंतूचा अपमान केला?"

"अपमान कसला, तालीम दिली!" नाना ओरडले. "रोज सकाळी अर्ध्या औषधात उतरवून जोर-बैठका काढून घेतल्या त्यांच्याकडून. त्यात या पावसाने डब्यातली पावडर मरत गेली. अर्ध्याचं पाव झालं. जंतू झाले निबर, आणि बोल लागला या बाईला. मला माहीत होतं सगळं. जन्मभर दुसऱ्यांना हेच शिकवलंय मी."

"पर का वं नाना?" आत्याबाई म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "पावडर सरली व्हती का?"

नाना खाली, कुणाच्या तरी ताटाकडे बघत उभे होते.

"फुटले होते," ते म्हणाले. "हात. रक्त येत होतं."

आत्याबाई माझ्याजवळ आली, तिने पदराखालून माझा हात बाहेर काढला आणि उलटा-सुलटा करून बघितला. पेरांवरच्या चिरांचे वण अजून होते. "आगं, बोलायचं तरी," एवढंच ती म्हणाली.

मग पांडूने ताट पुढे सरकवलं. "वैनी, भात वाढा. नाना येवढं बोलले, म्हंजी निम्मे जंतू लाजंनंच मेले असत्याल." सगळे हसले. कारकून हसला नाही, पण त्याने ताटावरचा हात काढून घेतला. मी भात वाढला. त्या दिवशी पहिल्यांदा मी दाराच्या बाहेर येऊन वाढलं.

त्यानंतर नानांनी नवी पावडर आणली आणि मोरीशेजारी चूल मांडून घेतली. ताटं आधी उकळत्या पाण्यात आणि मग पुऱ्या मापाच्या निवळीत. वास पुन्हा डोळ्यांना झोंबू लागला. फरक एकच झाला. मी ताटं घासून, विसळून पुढे करायची आणि निवळीत हात घालायला नाना स्वतः बसले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, पाटावर, हमालांची ताटं बुडवत. सगळी चाळ बघायला आली. आत्याबाईने समजावलं, "नाना, आसं बाप्यानं मोरीत बसल्यावर लोक हसत्याल."

"हसू द्या," नाना म्हणाले. "फक्त तोंडावर रुमाल धरून हसा. थुंकी उडते."

पोटं सुधारली. हॉटेलातलं तेल आणि आमच्याकडचा वास यांत लोकांनी वास पसंत केला. पंगत भरू लागली. हे काठी घेऊन ओट्यापर्यंत येऊ लागले. औंढ्याच्या मागच्या खोलीत दिराने कोंबड्या ठेवल्याचं कळलं तेव्हा आत्याबाईने कोंबड्यांना उदंड आयुष्य चिंतलं.

नानांचे हात मात्र दिवसेंदिवस फुटत गेले. म्हातारं कातडं ते, माझ्यापेक्षा लवकर चिरलं. एका दुपारी मोरीत आम्ही दोघंच होतो. पाऊस थांबला होता. त्यांच्या बोटांतून निघालेला लाल धागा पाण्यात पसरताना मला दिसला. माझ्या तोंडून शब्द कसे निघाले ते मला माहीत नाही.

"नाना, राहू द्या. मी करते."

त्यांनी वर बघितलं नाही. पाण्यातलं ताट हळूच फिरवलं.

"आमची ही जन्मभर माझ्या बादलीत हात घालत होती," ते म्हणाले. "मी रोज येऊन बघायचो, सूनबाई. रोज. बादली बघायचो."

मग त्यांनी ओला हात मागे माझ्याकडे केला आणि मी पुढचं ताट त्यात दिलं.